सहावा महिना आणि उजवीकडे पोटात दुखणं: सोनोग्राफी झाली, पुढे एमआरआय की सीटी?

पार्श्वभूमी

मी जनरल सर्जन आहे, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे. खाली लिहितोय ते प्रकरण काही वर्षांपूर्वीचं. पेशंटची ओळख पटू नये म्हणून गाव, वार, घरची माहिती असे तपशील बदललेत, पण निर्णय कधी, कसे आणि का घेतले ते होतं तसंच ठेवलंय, कारण सांगायचंय ते त्याबद्दलच.

पेशंट २४ वर्षांची, दुसरी खेप, २३ आठवडे पूर्ण. पहिली मुलगी तीन वर्षांची, नॉर्मल डिलिव्हरी. नवऱ्याचं खतांचं दुकान, घरात सासू. बीपी, शुगर, थायरॉइड काही नाही, आधीच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला बेंबीच्या आसपास दुखायला लागलं. जेवण जास्त झालं असेल म्हणून ॲसिडिटीची गोळी घेतली, संध्याकाळी दोनदा उलटी झाली. रात्री नऊला गावातल्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, त्याने बरं वाटलं, झोप लागली. सोमवारी पहाटे परत दुखायला लागलं, आता जास्त करून उजवीकडे. मग अकरा वाजता तालुक्याला येऊन सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये बाळ छान, ठोके छान, पाणी पुरेसं, आणि आईच्या उजव्या किडनीला थोडी सूज. लघवीच्या तपासणीत पस सेल्स (पूच्या पेशी) ८-१०. हे दोन्ही जुळवून मुतखड्याचं निदान झालं, अँटिबायोटिक आणि भरपूर पाणी प्या असं सांगून घरी पाठवलं.

त्याच रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की अपेंडिक्स दिसलं नाही. ही ओळ त्या दिवशी कोणीच वाचली नाही म्हटलं तरी चालेल.

अडचण काय होती

सोमवारी रात्री साडेआठला ती आमच्याकडे आली. रिक्षातून उतरताना उजवा हात कमरेखाली धरून, वाकून, एकेक पाऊल जपून टाकत होती. मुतखड्याचा पेशंट असा चालत नाही. मुतखड्यावाला तळमळतो, एका जागी बसत नाही, फेऱ्या मारतो, आणि ही बाई हलायलाच तयार नव्हती. रिपोर्ट हातात घ्यायच्या आधीच मला ते खटकलं.

ताप १००.२, नाडी १०४. पोट तपासलं तर दुखरी जागा उजवीकडेच, पण अपेंडिक्सची नेहमीची जागा असते त्याच्या बरीच वर, जवळजवळ बेंबीच्या रेषेत. गर्भपिशवी वाढली की ती अपेंडिक्सला वर सरकवते असं आम्हाला शिकवलेलं आहे, जरी नंतरच्या अभ्यासांत ते प्रत्येकीत तितकं होत नाही असंही दिसलंय. शिवाय पिशवी मध्ये असल्याने पोट दाबून सोडल्यावर होणारी ती कळ नीट कळतच नाही, पोटाचा पडदा पिशवीने पुढे ढकललेला असतो.

रक्तात पांढऱ्या पेशी १५,८००, त्यातल्या न्यूट्रोफिल या प्रकारच्या ८६ टक्के, आणि सीआरपी, म्हणजे शरीरात सूज असली की वाढणारं प्रथिन, ६४. आता इथे गरोदरपणाची खरी अडचण सुरू होते. साध्या बाईत १५,८०० म्हटलं की कान टवकारतात, पण गरोदर बाईत १६,००० पर्यंत पेशी काहीही आजार नसताना असू शकतात. अल्वाराडो स्कोअर म्हणून एक गुणपत्रिका १९८६ पासून वापरात आहे, दहापैकी गुण द्यायचे, सात किंवा जास्त आले तर अपेंडिक्स असायची शक्यता बरीच. आमच्या पेशंटला आठ आले. पण त्यातला मळमळ-उलटीचा एक, भूक नसल्याचा एक आणि वाढलेल्या पेशींचे दोन, असे चार गुण नुसत्या गरोदरपणानेही मिळू शकतात. ते काढले तर उरले चार, म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही.

आणि दुसऱ्या शक्यता कमी नव्हत्या. पिशवीला धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांचं दुखणं, अंडाशयाला पीळ, किडनीत इन्फेक्शन, खरोखरच मुतखडा, पिशवीतली फायब्रॉइडची गाठ, वार (बाळाला पोसणारी गादी) पिशवीपासून सुटणं. यातल्या काहींना नुसता आराम पुरतो, काहींना त्याच रात्री ऑपरेशन लागतं.

अपेंडिक्सची सूज साधारण १,५०० गरोदरपणांत एकदा दिसते आणि बाळंतपणाशी संबंध नसलेल्या इमर्जन्सी ऑपरेशनांत तीच सगळ्यात जास्त. फुटलं तर आईला त्रास आहेच, पण बाळ जायचा धोका एकदम वाढतो. दुखायला सुरुवात होऊन तोवर साडेअठ्ठावीस तास होऊन गेले होते.

कोणते पर्याय होते

कुठल्या दुखण्याला कुठली इमेजिंग योग्य, यावर पुराव्यांच्या आधारे तयार केलेल्या मार्गदर्शिका आहेत हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असतं, पण रात्री नऊला कोणी त्या उघडत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सने १९८९ मध्ये पहिली काढली, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ पासून हे काम हातात घेतलं. अमेरिकनांची पद्धत मला आवडते. आजाराचं नाव घेऊन सुरुवात करत नाहीत, पेशंट कोण आणि त्याला काय होतंय ते धरतात. मोठा माणूस, उजवीकडे खाली दुखतंय, ताप आहे, पेशी वाढल्यात, ही एक परिस्थिती. तीच बाई गरोदर असेल तर ती वेगळी परिस्थिती. प्रत्येक परिस्थितीत प्रत्येक तपासणीला तज्ज्ञ मंडळी आधी पुरावे वाचून आपापले गुण देतात, १ ते ९. सात ते नऊ म्हणजे सहसा योग्य, चार ते सहा म्हणजे योग्य असू शकते, एक ते तीन म्हणजे सहसा योग्य नाही. शेजारी रेडिएशनची पातळी पण लिहिलेली असते.

गरोदर बाई आणि उजवीकडचं दुखणं या परिस्थितीत सोनोग्राफी आणि कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) न देता केलेला एमआरआय हे दोन्ही सहसा योग्य या गटात येतात. सीटी मधल्या गटात. म्हणजे सीटी निषिद्ध नाही, आणि हे मी मुद्दाम परत लिहितोय कारण आपल्याकडे गरोदर बाईचा सीटी म्हटलं की डॉक्टरसुद्धा पाप केल्यासारखे बघतात. वर्ल्ड सोसायटी ऑफ इमर्जन्सी सर्जरीच्या जेरुसलेम मार्गदर्शिकेतही, २०२० च्या आवृत्तीत, आधी सोनोग्राफी आणि त्यात कळलं नाही तर एमआरआय असंच आहे.

आमच्यासमोर त्या रात्री पाच वाटा होत्या.

पहिली, सोनोग्राफी परत करायची, पण नीट प्रश्न विचारून. दुसरी, इथेच पाच मिनिटांवर असलेल्या सेंटरला सीटी, तो चोवीस तास मिळतो. तिसरी, एमआरआय, तो ७० किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी आणि रात्री दहाला बंद होतो. चौथी, काहीच न करता सरळ ऑपरेशन. पाचवी, भरती करून लक्ष ठेवायचं, सहा तासांनी परत पोट तपासायचं.

चौथ्या वाटेचा मोह सर्जनला फार होतो. जुनी म्हण आहे आमच्यात की शंका असेल तर पोट उघडा. पण २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ३,१३३ गरोदर बायकांच्या अपेंडिक्स ऑपरेशनांचा अभ्यास आला, तो वाचल्यापासून मी थांबायला शिकलो. साधं सुजलेलं अपेंडिक्स काढलं त्यांच्यात बाळ गेलं २ टक्क्यांत, फुटलेलं किंवा गुंतागुंतीचं होतं त्यांच्यात ६ टक्क्यांत, आणि ऑपरेशन केलं पण अपेंडिक्स चांगलंच निघालं त्यांच्यात ४ टक्क्यांत. म्हणजे चुकून केलेलं ऑपरेशन हे वेळेवर केलेल्या खऱ्या ऑपरेशनपेक्षा बाळाला जास्त महाग पडलं. वेळेआधी बाळंतपणही चांगलं अपेंडिक्स निघालेल्यांत १० टक्के आणि साध्या सुजेत ४ टक्के. म्हणून आधी बघणं हे बाळासाठीच आहे.

पाचवी वाट साडेअठ्ठावीस तास झालेल्या आणि ताप असलेल्या बाईसाठी मला पटत नव्हती. दुखणं सहा तासांचं असतं तर कदाचित तीच निवडली असती.

उरला सीटी की एमआरआय हा प्रश्न. सीटीबद्दलचे आकडे मला तोंडपाठ आहेत कारण दर महिन्याला कुणालातरी सांगावे लागतात. बाळाला नऊ महिन्यांत नुसत्या निसर्गातून अर्धा ते एक मिलिग्रे (शरीरात किती रेडिएशन शोषलं ते मोजायचं एकक) रेडिएशन मिळतंच. आईच्या छातीच्या एक्सरेतून बाळाला एक शतांश मिलिग्रेसुद्धा पोचत नाही. आईच्या पोटाच्या आणि ओटीपोटाच्या सीटीतून साधारण २५ मिलिग्रे पोचतं, मशीन आणि सेटिंगप्रमाणे कमीजास्त. आणि बाळात व्यंग येणं, गर्भ पडणं असले परिणाम ५० मिलिग्रेच्या खाली दिसलेले नाहीत. पुढे लहानपणी रक्ताचा कॅन्सर व्हायची शक्यता किंचित वाढते, मुळात ३,००० मध्ये एक असते ती १० ते २० मिलिग्रेने दीड ते दोन पट होऊ शकते. म्हणजे ३,००० मध्ये दोन. शून्य नाही, पण फुटलेल्या अपेंडिक्समधल्या बाळाच्या धोक्याशेजारी ठेवून बघा.

एमआरआयमध्ये रेडिएशन नाहीच. फक्त गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट द्यायचं नाही, ते वारेतून बाळाकडे जातं, आणि अपेंडिक्स बघायला त्याची गरजही नसते. तेव्हा एमआरआय चांगला, हे कागदावर स्पष्ट होतं. पण कागदावर ७० किलोमीटर नसतात ना.

काय केलं

पहिला निर्णय: सोनोग्राफी परत करायची. सकाळच्याच सोनोलॉजिस्टना फोन केला. मशीन आमच्या हॉस्पिटलला आणता आलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं, पण पीसीपीएनडीटी कायद्यात, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यात, मशीन ज्या जागेवर नोंदवलंय तिथेच वापरायचं, त्यामुळे पेशंटलाच न्यावं लागलं. याबद्दल माझी तक्रार नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी हा कायदा केला, केंद्राचा १९९४ चा, आणि आमच्या भागात तो का लागला ते मी डोळ्यांनी बघितलंय. गरोदर बाईच्या सोनोग्राफीला या कायद्याने लागतो तो फॉर्म एफ परत भरला. बाळाचं लिंग मला जाणून घ्यायचं नाही या ओळीखाली तिने सही केली तेव्हा कळ आलेली होती, सहीतलं शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर खाली घसरत गेलं होतं. तो कागद माझ्या डोळ्यासमोर अजून आहे.

या वेळी मी प्रोबशेजारी (पोटावरून फिरवतात तो मशीनचा भाग) उभा राहिलो. तिला डाव्या कुशीवर थोडं वळवलं म्हणजे पिशवी बाजूला सरकते, आणि दुखतंय कुठे ते तिलाच एका बोटाने दाखवायला सांगितलं, प्रोब तिथेच ठेवला. हळूहळू दाब वाढवत आतड्यातला गॅस बाजूला सारत अपेंडिक्स शोधायची ही पद्धत डच रेडिओलॉजिस्ट पायलार्ट यांनी १९८६ मध्ये मांडली, आजही तीच वापरतात. एक न दबणारी नळी दिसल्यासारखं वाटलं, शेजारी पाण्याची बारीक रेघ, पण नळीचं टोक काही केल्या सापडेना. ती वर यकृताकडे कुठेतरी जात होती. सोनोलॉजिस्ट प्रामाणिक माणूस, म्हणाले, "सर, मी याच्यावर सही करून अपेंडिसायटिस लिहू शकत नाही, आणि नाही असंही लिहू शकत नाही."

पावणेदहा झाले होते.

दुसरा निर्णय: एमआरआय, पण वेळेच्या बंधनात. जिल्ह्याच्या सेंटरला फोन केला, टेक्निशियन जास्तीत जास्त बारापर्यंत थांबायला तयार झाला. मग आम्ही ठरवून टाकलं की बाराच्या आत पेशंट एमआरआयच्या टेबलवर गेली तर एमआरआय, नाहीतर तिथेच सीटी, परत विचारविनिमय नाही. माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात बरोबर निर्णय हाच होता, कारण चांगली तपासणी मिळवायच्या नादात तास निघून जातात आणि प्रत्येक तासाला कोणीतरी म्हणतं की आता एवढं थांबलो तर अजून थोडं.

तिसरा निर्णय: ऑपरेशन पण तिकडेच. एमआरआय करून ७० किलोमीटर परत आणायचं आणि मग ऑपरेशन, याला अर्थ नव्हता. तिथल्या माझ्या सर्जन मित्राला, भूलतज्ज्ञांना आणि एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना गाडी निघायच्या आधीच फोन गेले. सलाईन आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस आमच्याकडेच दिला.

घरच्यांशी बोलणं हा भाग मी थोडा सविस्तर लिहितो कारण खरा उशीर तिथे झाला असता. सासूबाई एमआरआयलाच तयार नव्हत्या. त्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलेलं की गरोदर बाईला त्या मशीनमध्ये घातलं की बाळ अपंग होतं. नवरा मोबाइलवर काहीतरी वाचून उलटाच घाबरलेला, म्हणत होता की सकाळच्या सोनोग्राफीत तर सगळं नॉर्मल आलंय, मग हे सगळं कशाला.

मी सकाळचा रिपोर्ट त्याच्यासमोर धरला आणि शेवटची ओळ बोटाने दाखवली. म्हटलं, "दादा, हे वाचा. अपेंडिक्स चांगलं आहे असं लिहिलंय का इथे? दिसलं नाही असं लिहिलंय. घराचं दार बंद होतं म्हणून आत कोण आहे ते दिसलं नाही, याचा अर्थ घर रिकामं आहे असा होत नाही." तो गप्प झाला. सासूबाईंना म्हटलं, "मावशी, एमआरआयमध्ये किरणं नसतात, मोठा लोहचुंबक असतो. आवाज फार करतो, बाकी काही नाही. आणि बाळाला मशीनने होईल त्याच्यापेक्षा आतलं फुटलं तर जास्त होईल." त्यांनी एकच विचारलं, "तुमची लेक असती तर पाठवली असती का?" मी म्हटलं हो, आणि गाडीत मी स्वतः येतोय. मग त्या उठल्या.

दहा वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली. वाटेत साखर कारखान्याच्या बैलगाड्यांची रांग होती, त्यात वीस मिनिटं गेली, आणि पावणेबाराला सेंटरच्या दारात पोचलो. टेबलवर बारा वाजायला पाच मिनिटं असताना. थोडं डाव्या कुशीवर ठेवून, साधारण वीस मिनिटांत झालं, मधे ती एकदाच म्हणाली की आवाजाने बाळ हलतंय. रेडिओलॉजिस्टनी घरूनच फिल्म बघितली आणि साडेबाराला फोन आला: अपेंडिक्स ११ मिलिमीटर जाड, मोठ्या आतड्याच्या मागून वर यकृताच्या दिशेने गेलेलं, मुळाशी खडा, आजूबाजूला सूज आणि थोडं पाणी. उजव्या किडनीची सूज होती, पण मूत्रनलिकेत खडा नाही, पिशवीच्या दाबामुळे आलेली. म्हणजे सकाळच्या सोनोग्राफीत अपेंडिक्स का दिसलं नाही आणि दुखणं इतकं वर का होतं, दोन्हीचं उत्तर एकाच वाक्यात मिळालं.

पुढे काय झालं

दीड वाजता दुर्बिणीतून ऑपरेशन सुरू झालं, मित्राने केलं, मी मदतीला. पिशवीला सुई लागू नये म्हणून पहिलं छिद्र उघड्या पद्धतीने, टेबल डावीकडे कलतं, पोटातल्या गॅसचा दाब १२ च्या वर जाऊ दिला नाही. अपेंडिक्सचं टोक काळं पडलेलं होतं, फुटलेलं नव्हतं, पण शेजारी दोन-तीन चमचे पू जमला होता. अजून किती तास टिकलं असतं ते सांगता येत नाही, मला वाटतं सकाळ झाली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला कळा यायला लागल्या. ते छत्तीस तास सगळ्यात वाईट गेले, २३ आठवड्यांचं बाळ बाहेर आलं तर आपल्याकडे काय होतं ते मॅडमनाही माहीत होतं आणि मलाही. औषधांनी कळा थांबल्या. सहाव्या दिवशी घरी गेली. ३७ आठवडे आणि चार दिवसांना बाळंत झाली, बाळ २ किलो ७०० ग्रॅम. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टनेही अपेंडिक्स सडायला लागल्याचं नक्की केलं.

खर्चाचं पण सांगतो कारण सगळ्यात आधी तोच विचारला जातो. एमआरआयचे साडेपाच हजार आणि गाडीचे तीन हजार. इथला सीटी यापेक्षा स्वस्त पडला असता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक मशीनची नव्हती आणि सोनोलॉजिस्टचीही नव्हती. सकाळी सोनोग्राफीसाठी जी चिठ्ठी गेली तिच्यावर फक्त एवढंच लिहिलं होतं: गरोदर, पोटात दुखतंय. चिठ्ठीवर गरोदर लिहिलं की बघणारा बाळ बघतो, ते साहजिक आहे. त्याच चिठ्ठीवर उजवीकडे दुखणं कालपासून, दोन उलट्या, अपेंडिक्स आहे का, एवढं लिहिलं असतं तर प्रोब उजवीकडे जास्त वेळ थांबला असता, आणि दिसलं नसतं तर निदान दिसलं नाही ही ओळ शेवटी न जाता वर आली असती. मार्गदर्शिका कितीही चांगली असली तरी ती परिस्थितीवरून सुरू होते, आणि परिस्थितीच चिठ्ठीवर नसेल तर योग्य तपासणीसुद्धा चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देते.

दुसरं, किडनीची सूज. गरोदरपणाच्या दुसऱ्या भागात उजव्या किडनीला थोडी सूज इतकी सर्रास असते की तिला आजार म्हणायच्या आधी दहादा विचार करावा. पिशवी वाढताना उजवीकडे कलते आणि मूत्रनलिका दाबते. लघवीतले पस सेल्सही, शेजारी सुजलेलं अपेंडिक्स मूत्रनलिकेला टेकलेलं असेल तर येतात. दोन्ही गोष्टी मुतखड्याकडे बोट दाखवत होत्या आणि दोन्ही गोष्टींचं दुसरं कारण होतं. एकदा नाव मिळालं की मन शोधायचं थांबतं. ते कुणाचंही थांबतं, माझंही थांबलं असतं, मी फक्त तिला चालताना बघितलं होतं.

रविवारी रात्रीचं इंजेक्शन चुकलं असं मी म्हणणार नाही. दुखणं कमी केलं की निदान हुकतं हा जुना समज आहे, अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, आणि गरोदर बाईला तळमळत ठेवण्यात काही शहाणपण नाही. राहून गेलं ते वेगळंच. परत दुखलं, ताप आला, उजवीकडे सरकलं तर सकाळपर्यंत न थांबता या, हे सांगायचं राहिलं.

आता ज्यावर आमच्यात मतभेद आहेत ते. माझ्या मित्राचं म्हणणं, दुसरी सोनोग्राफी करण्यात तास गेला, २३ आठवड्यांना अपेंडिक्स दिसायची शक्यता आधीच कमी, सरळ गाडी काढायला हवी होती. त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. पण त्याच सोनोग्राफीत अंडाशयाला पीळ पडल्याची किंवा वार सुटल्याची खूण दिसली नाही, आणि वार सुटल्याची खूण दिसली असती तर सत्तर किलोमीटरच्या प्रवासाला मी तिला पाठवलंच नसतं. अंतर दहा किलोमीटर असतं तर मीही दुसरी सोनोग्राफी सोडून दिली असती.

आणि सीटी. हा प्रश्न मला अजून सोडत नाही. पावणेदहाला सीटी केला असता तर सव्वादहाला निदान झालं असतं, अकराला ऑपरेशन, म्हणजे अडीच तास आधी. बैलगाड्यांच्या रांगेत अजून अर्धा तास गेला असता आणि तेवढ्यात अपेंडिक्स फुटलं असतं तर आज मी हे लिहिताना सीटी का नाही केला असं लिहिलं असतं. आमच्याकडे रात्री भूलतज्ज्ञ मिळणार नव्हते, म्हणून तसंही जावं लागणारच होतं, हे कारण आहे माझ्याजवळ. पण मनात खोलवर बघितलं तर त्या रात्री मलाही गरोदर बाईचा सीटी या शब्दांची थोडी भीती होती. आकडे तोंडपाठ असूनही. तिथे मार्गदर्शिका कामाला येते असं मला आता वाटतं. मधल्या गटात आहे, म्हणजे परिस्थिती तशी असेल तर करा, असं ती सरळ सांगते, रात्री एकट्याने धीर गोळा करायला लागत नाही.

त्यानंतर आम्ही सोनोग्राफीची चिठ्ठी बदलली. आता छापील चिठ्ठीवर तीन रकाने आहेत: कधीपासून, कुठे, आणि नेमकं काय बघायचंय. तिसरा रकाना रिकामा असेल तर सोनोलॉजिस्ट स्वतः फोन करतात, आम्हीच त्यांना तसं सांगितलंय, आणि पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त फोन मलाच आले. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर गरोदर बाईच्या उजवीकडच्या पोटदुखीचा कागद लावलाय, त्यात बाळाला पोचणाऱ्या रेडिएशनचे आकडे मराठीत आहेत, म्हणजे सिस्टरही घरच्यांना दाखवू शकतात. एमआरआय सेंटरशी रात्री दहानंतरच्या इमर्जन्सीचं बोलणं चालू आहे, टेक्निशियनच्या रात्रीच्या पैशांवर अडलंय. तोपर्यंत बाराची ती मर्यादा आम्ही तशीच ठेवलीय.